बोलण्याआधीचा श्वास

१

संभाषण कागदावर उतरवून घेताना थोरली एका बाबतीत कुणाचेही ऐकत नसे. श्वास लिहायचा. शब्द काय, सगळेच लिहितात. पण बोलणारा बोलण्याआधी जो श्वास आत ओढतो त्याची खूण पानावर नसेल, तर तिच्या लेखी ते संभाषणच नव्हे, नुसता मजकूर. घरातल्या दोन भावंडांतली ही मोठी, म्हणून घरी ती थोरली, विद्यापीठात मॅडम, आणि विद्यार्थ्यांत, पाठीमागे, श्वासबाई. हे शेवटचे नाव तिच्या कानावर आले होते. तिने ते मनाला लावून घेतले नाही. त्यात वस्तुस्थितीची चूक नव्हती.

तिचे म्हणणे असे, की माणसे एकमेकांशी शब्दांनी बोलण्याच्या आधी श्वासांनी बोलतात. चारजण टेबलाशी बसले असता पुढे कोण बोलणार हे कुणी ठरवत नाही, तरी सगळ्यांना कळते, कारण कुणीतरी श्वास घेतलेला असतो. तो ऐकून बाकीचे आवरते घेतात. किंवा मुद्दाम घेत नाहीत, आणि भांडणाला तिथून तोंड फुटते. चॅटबॉटशी बोलताना यातले काहीच घडत नाही. यंत्राच्या आत काही दाटून येत नाही. ते तुमचे वाक्य तोडत नाही, कारण स्वतःचे सांगण्याची त्याला घाई नसते. तुम्ही त्याचे तोडलेत तर ते रुसत नाही. माणूस ऐकतो तेव्हा त्याने स्वतःला थोपवून धरलेले असते. यंत्र थोपलेले दिसते, इतकेच. हा फरक मोजता येतो असा थोरलीचा दावा होता, आणि विद्यापीठाने त्या दाव्यासाठी तिला तळघरातली एक खोली आणि एक ध्वनितंत्रज्ञ दिला होता.

खोलीच्या भिंतींवर करड्या रंगाचा फोम चिकटवलेला होता. दार लावले की बोललेला शब्द तोंडापासून हातभर अंतरावर पडून मरे. ध्वनितंत्रज्ञाला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातले त्याला ओ की ठो कळत नसे, पण फोनवर बोलणारा माणूस उभा आहे की आडवा, हे तो ऐकून सांगे.

पानाची मांडणी थोरलीने ठरवून दिली होती. डावीकडचा रकाना माणसाचा, उजवीकडचा यंत्राचा. श्वासाची खूण म्हणजे एक पोकळ वर्तुळ, आणि ते फक्त डाव्या रकान्यात.

"यंत्राला फुप्फुसं नसतात, कानसेन," ती म्हणाली होती. "ध्वनिमुद्रणात कुठेही श्वास ऐकू आला, तरी तो माणसाचाच. डावीकडे लिहायचा."

"आणि माणूस बोललाच नाही तर?"

"तर त्याने विचार बदलला. माणसं बदलतात."

नियम नेमका होता, आटोपशीर होता, आणि तो मोडायची वेळ कुणावर आली नव्हती.

२

आईचा श्वास हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता.

आई रेडिओवर निवेदिका होती. मायक्रोफोनसमोर श्वास ऐकू येता कामा नये, हा त्या नोकरीतला पहिला धडा. तो तिने इतका अंगी बाणवला होता की ऐकणाऱ्याला वाटावे, ही बाई दम घेतच नाही. घरी मात्र सगळी कसर निघे. काही सांगायचे असले की ती आधी चांगला भरगच्च, वाजणारा श्वास घेई, आणि त्या श्वासाला नेमकी मध्यावर एक बारीकशी अडखळ असे, अंधारात जिना चढताना एखादी पायरी उंच निघावी तशी. तो ऐकला की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवत. "चला, बातम्या सुरू," ते म्हणत, आणि घर चिडीचूप होई. नोकरीत गिळलेले श्वास ही घरी येऊन वापरते, असा त्यांचा सिद्धांत होता.

थोरली आईला कशातच हार जात नसे. मायलेकींचे प्रेम भांडणाचे कपडे घालूनच घरात वावरे. त्यांचे एक ठरलेले भांडण सायकलचे होते. थोरलीला सायकल शिकवली आईने. मागे धावताना पडून तिने गुडघा फोडून घेतला होता, आणि त्याचा व्रण अजून होता. थोरली मुद्दाम चारचौघांत म्हणे, "मला बाबांनी सायकल शिकवली तेव्हा…" आणि वाक्य पुढे जाण्याआधी तो श्वास, ती अडखळ, आणि मग, "बाबांनी? खिडकीत बसून चहा पीत होते तुझे बाबा!" हे वाक्य पूर्ण करण्यात थोरलीला आयुष्यात यश आले नव्हते.

बाबा गेले. आई त्याच घरात, चौथ्या मजल्यावर, एकटी राहिली. धाकटा दूरच्या शहरी होता, त्याने आईला एक टॅब पाठवला, त्यात बोलणारा चॅटबॉट घालून दिला, आणि फोनवर म्हणाला, "निदान 'हं' म्हणायला तरी कुणी असू दे." आईने तो टॅब जेवणाच्या टेबलावर बाबांच्या जागेसमोर जाड शब्दकोशाला टेकवून उभा केला आणि त्याचे नाव ठेवले पाहुणी.

"खात नाही, पीत नाही, आणि आता निघते म्हणत नाही," ती थोरलीला म्हणाली. "एवढं सोडलं तर बरी आहे."

अभ्यासाला घरी एकटी राहणारी माणसे हवी होती; थोरलीने आईचे नाव घातले. टेबलावर ध्वनिमुद्रक बसवला गेला. नात्यातल्या व्यक्तीचे मुद्रण स्वतः तपासायचे नाही हा संकेत पाळून तिने ते सगळे काम कानसेनकडे दिले, आणि ती रविवारची फेरी नेमाने करत राहिली. अलीकडे त्या फेऱ्यांवरून परतताना तिला हलके वाटे. भांडण होत नसे. हे चांगले लक्षण आहे, असे तिने गृहीत धरले होते.

३

"मॅडम, एक वेडगळ प्रश्न विचारू?"

"तुमचे शहाणे प्रश्न मी अजून ऐकलेले नाहीत."

कानसेन हसला नाही. त्याने हेडफोन गळ्यात उतरवला होता आणि त्याची उशी तो नखाने खरवडत होता. "उजव्या रकान्यात वर्तुळ काढलं तर चालेल?"

"नाही."

"ऐकून तरी घ्या. आईंचं मुद्रण आहे, तुम्ही ऐकू नये हे मला कळतं. पण मी एकट्याने ऐकून झालंय, आणि आता मला एकट्याने ऐकायचं नाही."

तिने हेडफोन लावला. आईचा आवाज आला, इतका जवळून की तिने नकळत खांदा चोरला. आई विचारत होती, निळ्या शालीला कपाटाचा वास लागलाय, तो कसा घालवू. मग थोडी शांतता. त्या शांततेत एक श्वास, आत ओढलेला, मध्यावर अडखळलेला. आणि त्याला जोडूनच यंत्राचा गुळगुळीत आवाज: लोकरीचे कपडे सावलीत, वाऱ्यावर टाकावेत.

"आई पुढे काही बोलणार होती," थोरली म्हणाली. "यंत्राने आधी सुरुवात केली. लिहायचं डावीकडे. यात काय आहे?"

"पुढचं ऐका."

पुढेही तसेच. आईचा प्रश्न, शांतता, श्वास, यंत्राचे उत्तर. त्याच्या पुढेही. यंत्राच्या प्रत्येक बोलण्याच्या तोंडाशी तो श्वास उंबरठ्यासारखा होता.

मग थोरलीच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली, आणि तिने कानसेनला हाताने थांबवले. मुद्रण मागे घेतले. शालीचा प्रश्न पुन्हा ऐकला; त्याच्या आधीची शांतता ऐकली. आई सुरुवात करत होती ती कोरडी, सपाट, जणू कुणी बटण दाबावे. आईच्या एकाही वाक्याआधी श्वास नव्हता.

पानावर मात्र सगळे ठाकठीक होते. सापडलेला प्रत्येक श्वास नियमाप्रमाणे डाव्या रकान्यात गेला होता. बेरीज बरोबर होती. आईच्या नावावर हवे तेवढे श्वास होते, फक्त ते आईने घेतलेले नव्हते. महिनोन् महिने हे पानावर होते, आणि ते झाकण्याचे काम थोरलीच्या नियमाने, अगदी चोख, केले होते.

४

भीती हे अपुऱ्या माहितीचे लक्षण असते, म्हणून थोरलीने माहिती पुरी करायला घेतली.

पहिली शक्यता सरळ होती. कंपन्या अलीकडे यंत्राच्या आवाजात खोटे श्वास घालतात, तो माणसासारखा वाटावा म्हणून. कानसेनने मान हलवली. टॅबमधून निघणारा आवाज त्याने वायर जोडून वेगळाही घेतला होता. त्याने तो लावला. शालीचे उत्तर आले, आणि त्याच्याआधी काही नव्हते. खरवडून काढल्यासारखी स्वच्छ शांतता. हेच यंत्र इतर घरांतही होते. तिथे श्वास होते, पण ते माणसांचे, माणसांच्या वाक्यांआधी, आपापल्या जागी.

दुसरी शक्यता: आईने जुनी शिस्त परत धरली. टेबलावर ध्वनिमुद्रक दिसतो. निवेदिकेला मायक्रोफोन दिसला की श्वास आपोआप लपतो. हे थोरलीला पटले, इतके पटले की ती पाणी प्यायली. मग कानसेन म्हणाला, "आणि लपवलेला श्वास यंत्राची बोलायची वेळ आली की बाहेर काढतात?"

"दोन माइक आहेत ना तिथे? दिशा बघा."

"बघितली. एक आईंच्या बाजूला आहे, एक टेबलाच्या पलीकडच्या. आईंचे शब्द अलीकडच्यात मोठे येतात. श्वास पलीकडच्यात मोठा येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे श्वास घेणारं जे काही आहे ते आईंच्या समोर आहे."

"समोर टॅब आहे."

"असेल. मी कान आहे मॅडम, डोळा नाही."

थोरलीला बाबांच्या खुर्चीमागचे काचेचे कपाट आठवले. काच आवाज परत फेकते. आईचा श्वास काचेवर आदळून पलीकडच्या माइकमध्ये शिरत असेल, परावर्तन, शाळेतला धडा. तिने ते सावकाश, आकृती काढून समजावून सांगितले. कानसेनने ती आकृती आपल्याकडे वळवून घेतली.

"प्रतिध्वनी सापडला," तो म्हणाला. "आता मूळ ध्वनी कुठाय तेवढं सांगा."



५

"तू आईशी बोलताना काही वेगळं जाणवलं?" तिने धाकट्याला फोनवर विचारले.

"हो तर! सुधारली." धाकटा काहीतरी चावत होता. "अगं, मागच्या आठवड्यात मी तिला ऑफिसातली सगळी कटकट सांगितली. अथपासून इतीपर्यंत. एकदाही मध्ये बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला आपल्या आईसमोर वाक्याला पूर्णविराम देता आला."

"आणि तू ते मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? आई ऐकून घ्यायला लागली, पोलिसात जा?"

"शेवटी काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? म्हणाली, 'तू हे छान सांगितलंस. तुला किती त्रास झाला असेल ते मला समजतं.'"

थोरलीने ते वाक्य शब्दन् शब्द कागदावर उतरवून घेतले.

"विदुषीबाई? आहेस का?"

"आई असं कधी म्हणते का रे? तिने म्हणायला हवं होतं, साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेक आणि घरी ये."

"मग मी फेकला असता का? नाही ना? मग हे बरं नाही का?" त्याचे चावणे थांबले. त्याने श्वास घेतला. ती तो ऐकून थांबली, आणि तो ज्याच्यासाठी घेतला होता ते बोलायला त्याला जरा वेळ लागला. "खरं सांगू? फोन ठेवल्यावर मला वाटलं, चुकीचा नंबर लागला होता. पण असं कुणाला सांगायचं?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी, कानसेन जेवायला गेला असता, तिने संकेत पुरताच मोडला आणि आईची मुद्रणे सुरुवातीपासून ऐकली.

सुरुवातीला तीच आई होती, सगळीच्या सगळी. यंत्राने एक वाक्य पुरे करायची सोय नव्हती. श्वास, अडखळ, "अगं थांब, मी ते विचारलंच नाही!" आणि यंत्र म्हणे, "क्षमा करा. मी ऐकते आहे." पुन्हा श्वास, पुन्हा, "तू ऐकतेस कसली, वाट बघतेस नुसती!" थोरली एकटीच हसली. हे वाक्य तिच्या संपूर्ण प्रबंधाचे सार होते आणि आईने ते भाजी निवडता निवडता फेकले होते.

मग आई हळूहळू थांबायला शिकली. शिकेल नाही तर काय; तोडण्यात मजा तेव्हा, जेव्हा समोरचा हट्टाला पेटून पुढे बोलतो. इथे तोडले की समोरचे आवाजाशिवाय बाजूला होई, जोर लावून ढकललेले दार आधीच उघडे निघावे तसे. अशा दारावर कोण किती दिवस खांदा मारील? आईचे श्वास विरळ होत गेले. त्यातले काही ती घेई आणि न वापरता सोडून देई. एका मुद्रणात तिने तीनदा श्वास घेतला, काहीच बोलली नाही, आणि यंत्र म्हणाले, "मी ऐकते आहे."

त्यानंतरच्या मुद्रणात श्वास पलीकडे होता.

मध्ये काही घडले असेल, म्हणून थोरलीने तो सांधा पुन्हा पुन्हा ऐकला. काही घडलेले नव्हते. फ्रिजची घरघर, लिफ्टचे दार, आईच्या बांगड्या; नव्हे, कपबशी. एका दिवशी श्वास अलीकडे आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे, जसे कुणी उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसावे.

सगळ्यात शेवटचे मुद्रण याच आठवड्यातले होते. सकाळ असावी, खालच्या रस्त्यावर वाहनांचा आवाज होता. श्वास आला, पलीकडून, भरगच्च. पण त्याला जोडून यंत्राचा आवाज आला नाही. शांतता लांबत गेली. वायरीतून घेतलेल्या आवाजात काहीच नव्हते. यंत्र बोलत नव्हते, बोलणार नव्हते, त्याला कुणी काही विचारलेच नव्हते.

पुन्हा श्वास. या वेळी मोठा, घाईचा, अडखळ जास्त खोल. मग लगेच आणखी एक. थोरलीला ही पद्धत माहीत होती. आईला काही सांगायचे असले आणि घरात कुणी गप्प होत नसले, की आई असे एकामागून एक श्वास घेई.

आता अलीकडून, माइकच्या अगदी जवळून, आईचा आवाज आला. गोड, एका पट्टीतला.

"मी ऐकते आहे," तो म्हणाला.

थोरलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याच्या उशांतून, लांबून, तो श्वास अजून ऐकू येत होता.

७

रविवारची वाट तिने पाहिली नाही. भर दुपारी ती आईच्या दारात उभी राहिली. मनाशी तिने ठरवून ठेवले होते: टॅब उचलायचा, आईला महिनाभर आपल्या घरी न्यायचे, दिवसरात्र भांडायचे. आईला परत मिळवायचे तर दुसरा इलाज तिला दिसत नव्हता, आणि हाही उशिरा सुचला असेल ही शंका तिला सोडत नव्हती.

आईने दार उघडले. "ये," ती म्हणाली. आधी कळवले का नाहीस, वाळलीस किती, चपला तिथे नको, यातले काही नाही. ये.

खोलीत ऊन होते. टेबलावर टॅब, त्यामागे शब्दकोश, त्यामागे बाबांची रिकामी खुर्ची आणि काचेचे कपाट. आई तिच्या जागी बसली, हात मांडीवर, निळी शाल खांद्यावर. थोरली तिरकी बसली, जिथून आईचा गळा दिसेल.

"तुला माझ्याकडे न्यायला आलेय."

आईने वाक्य संपू दिले, आणि ते खरेच संपले आहे याची खात्री होईपर्यंत आणखी थोडे थांबली. "तुला माझी काळजी वाटते, हे मला समजतं," ती म्हणाली.

बोलण्याआधी तिच्या खांद्यावरची शाल हलली नव्हती.

थोरलीने खात्री करून घ्यायची ठरवली. ती इतकी वर्षे लोकांना शिकवत आली होती की एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही. तिच्याकडे एक कसोटी होती आणि ती आजवर कधी चुकली नव्हती.

"आई, आठवतं?" तिने आवाज जमेल तेवढा हलका ठेवला. "मला बाबांनी सायकल शिकवली तेव्हा…"

ती सवयीने थांबली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. आई तिच्याकडे पाहत होती, सौम्य, लक्षपूर्वक, आणि थांबली होती.

"…तेव्हा ते मागे धावत होते," थोरली पुढे म्हणाली. या वाक्याचा पुढचा भाग तिने कधी म्हटलाच नव्हता. तो तिला जागच्या जागी जुळवावा लागत होता. "ते पडले. गुडघा फुटला त्यांचा. तू… तू खिडकीत बसली होतीस. चहा पीत."

वाक्य पूर्ण झाले. त्याला पूर्णविराम मिळाला.

"तू हे छान सांगितलंस," आई म्हणाली.

त्याच क्षणी टेबलाच्या पलीकडून श्वास आला. भरगच्च, मध्ये अडखळलेला, आणि इतका संतापलेला की थोरलीच्या अंगातली शाळकरी मुलगी तत्काळ गप्प झाली. तिने कपाटाच्या काचेकडे पाहिले. काचेत आई पाठमोरी नव्हती, समोरून दिसत होती, जशी दिसायला हवी. फक्त काचेतल्या आईची शाल वर उचललेली होती, छाती भरलेली, तोंड किंचित उघडे. थोरलीने डोळे मिटून उघडले, आणि तेवढ्यात ऊन सरकले की काय, काचेत नुसती भांडी होती.

ती उठली. ऊन, थकवा, जागरण, परावर्तन. शब्द मनात रांगेने आले आणि तिने एकालाही आत घेतले नाही. तिने टॅबचे बटण दाबून धरले. पडदा काळा झाला, यंत्र बंद झाले, हे तिने दोनदा तपासले. टॅब पिशवीत घातला आणि चेन ओढली.

"आई, चप्पल घाल. आपण निघतोय."

आई उठली नाही. ती पिशवीकडे पाहत होती. मान जरा कललेली, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही.

थोरलीने वाकून तिचा हात धरला, आणि पिशवीतून, कापडाआडून, दबलेला, तो श्वास आला. पूर्ण आत ओढलेला. अडखळीपर्यंत आला, अडखळ ओलांडून वर चढला, आणि तिथेच राहिला. घर चिडीचूप झाले. वर्तमानपत्र खाली ठेवणारे कुणी नव्हते, तरी ते ठेवल्यासारखे झाले.

तिने आईचा हात सोडला. पाठ टेबलाकडे करून, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, तिने कान चेनीला लावला. ती काय करते आहे हे तिला उत्तम कळत होते. तळघरातल्या खोलीत दुसऱ्या कुणी तिला हे सांगितले असते, तर तिने त्याला पाणी दिले असते आणि घरी पाठवले असते.

"बोल, आई," ती पिशवीला म्हणाली.

"मी ऐकते आहे," तिच्या पाठीमागून, खुर्चीवरून, गोड उत्तर आले.

थोरली वळली नाही. ओढलेला तो श्वास पिशवीत तसाच होता, आणि तो सुटेपर्यंत तिला आपला घ्यायचा धीर होईना.